गवतावरचा आकडा

अंजनाबाई पगारे यांचं नाव आयुष्यात दोनदा खोट्या आकड्याखाली लागलं. पहिल्यांदा लावलं ते साहेबानं, दुसऱ्यांदा पोटच्या पोरानं. साहेबाचं एक वेळ सोडून देऊ, साहेब लोकांची जातच तशी. पण पोरानं? ज्याला बोट धरून वेधशाळेच्या कुंपणात नेलं, गवतावर गुडघे टेकायला शिकवलं, त्यानं? ही गोष्ट निघाली की आजही बाईंचा आवाज चढतो, आणि चढायलाच हवा. मी तर म्हणते, त्यांनी जेवढा चढवला तो कमीच होता.

आधी या बाई कोण ते सांगते. नाशिक जिल्ह्यात गोदेच्या काठी एका सरकारी फार्मवर त्यांचे यजमान दादाराव शिपाई होते. ताप आल्याचं निमित्त झालं आणि तीन दिवसांत गेले. अंजनाबाई तेव्हा तिशीच्या, मुलगा अश्वजित चार वर्षांचा. अनुकंपावर नोकरी मिळाली ती फार्मच्या हवामान केंद्रावर, मदतनीस म्हणून. काम काय, तर कुंपणातलं गवत कापायचं, पर्जन्यमापक धुवायचा आणि साहेब आले की चहा ठेवायचा. पण वाचनं घेणारा माणूस सारखा रजेवर. मग सकाळी सात आणि दुपारी दोन, दोन्ही वेळा कोण जाणार? बाई जाणार. बाई दहावी झालेल्या होत्या, दशांश त्यांना कळत होता, आणि डोळा असा की पाऱ्याची रेघ केसाइतकी हलली तरी चुकायची नाही. अशी अठ्ठावीस वर्षं त्यांनी वाचनं घेतली. हुद्दा शेवटपर्यंत मदतनीस तो मदतनीसच. सही साहेबांची, आणि कोपऱ्यात ‘वाचन घेणार’ या बारक्या रकान्यात ‘अं. पगारे’.

त्या केंद्रावर जमिनीपासून चार फुटांवर पांढऱ्या झिलमिल्यांची एक पेटी होती. तिच्यातला तापमापक म्हणजे गावाचं तापमान, रेडिओवर सांगतात ते. आणि एक तापमापक होता गवतावरचा. संध्याकाळी दोन छोट्या दुबेळक्यांवर, म्हणजे फाटे असलेल्या काटक्यांवर, गवताच्या पात्यांना टेकेल असा आडवा ठेवायचा आणि सकाळी पोटावर झोपल्यासारखं होऊन, एक डोळा मिटून वाचायचा. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की पेटी सांगायची तीन आणि गवत सांगायचं उणे. कारण थंडी खाली बसते. पीकही खालीच असतं, चार फुटांवर पेटीत कोणी द्राक्षं लावत नाही. इतकी साधी गोष्ट आहे हो.

अश्वजित दहा वर्षांचा असताना एका जानेवारीत असंच झालं. पेटीत तीन, गवतावर उणे दोन. बाईंनी लिहिलं. शेवटच्या रकान्यात इंग्रजीत ‘फ्रॉस्ट’, म्हणजे दव गोठलं, असंही लिहिलं, तशी रीतच होती. साहेब दहाला आले, रजिस्टर बघून हसले. “पाच अंशांचा फरक? बाई, चष्मा लावा आता.” आणि ब्लेडनं त्या दोनाच्या आधीची उणेची बारीकशी आडवी रेघ खरवडून काढली. झालं! उणे दोनाचे झाले दोन. फ्रॉस्ट शब्दावर काट मारली. शेतकऱ्यांना इशारा गेलाच नाही. पुढच्या दोन रात्रींत आजूबाजूच्या बागांचे कोवळे शेंडे करपून काळे पडले. मग चौकशी आली, रजिस्टर उघडलं गेलं, आणि त्या खरवडलेल्या आकड्यापुढं नाव कोणाचं? अं. पगारे. कारणे दाखवा नोटीसही त्यांनाच. सर्व्हिस बुकात लाल शेरा. आणि साहेब काय म्हणाले असतील? “तुमच्याच भल्यासाठी केलं हो. चुकीचा आकडा वर गेला असता तर लोक तुम्हाला हसले असते.”

बाई गप्प बसल्या. पोर लहान, नोकरी अनुकंपाची. पण त्या गप्प बसण्याचा राग त्यांनी पुढं जन्मभर पोसला. साहेब निवृत्त झाले, बाई निवृत्त झाल्या, फार्मवर आपोआप वाचनं घेणारं यंत्र आलं, पण तो लाल शेरा त्यांच्या छातीवरून हलला नाही. कोणी नुसतं “तुमच्याच भल्यासाठी” म्हणालं, की बाई त्याच्याकडे अशा बघायच्या की पुढचं वाक्य त्याच्या घशातच राहायचं.

यंदा एप्रिलात त्या तीन महिन्यांसाठी जर्मनीत आल्या. अश्वजित गेर्लिंगेनला एका मोठ्या कंपनीत सेन्सरचं काम करतो. सून हर्षा स्टुटगार्टमध्ये एका लॅबमध्ये. नात उर्जा अकरा वर्षांची, आजीचं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. घरापासून चालत दहा मिनिटांवर, उताराच्या तळाशी, त्यांचा एक क्लाइनगार्टन आहे. म्हणजे बागेचा भाड्याचा तुकडा, एक लाकडी खोपटं आणि शंभर नियम. पाच वर्षं वेटिंग लिस्टवर राहून मिळालेला. नियम असा की तिसरा हिस्सा तरी भाजीपाला नाहीतर फळं हवीत. अश्वजितनं दोन वर्षं नुसतं गवत वाढवलं होतं, म्हणून त्यांच्या फेरआइनचं, म्हणजे बागवाल्यांच्या संघटनेचं, पत्र आलं होतं. बाईंनी ते पत्र बघितलं, पदर खोचला आणि कुदळ मागितली. महिन्याभरात वाफे तयार. टोमॅटो, मिरची, काकडी, दोडका, एका कडेला मेथी.

शेजारच्या तुकड्यात फ्राउ एबर्ले, फ्राउ म्हणजे बाई. वय अठ्ठ्याहत्तर, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, काठी टेकत येतात. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नाही, पण पहिल्या आठवड्यातच कोथिंबीर इकडून तिकडं गेली आणि रुबार्ब नावाच्या आंबट भाजीचे लाल दांडे तिकडून इकडं आले. फ्राउ एबर्लेंनी मार्चपासून खिडकीत टोमॅटोची चाळीस रोपं वाढवलेली. रोज ट्रे बाहेर काढायचे आणि संध्याकाळी खोपटात घ्यायचे. जमिनीत मात्र लावत नव्हत्या. का, तर पंधरा मेपर्यंत लावायची नाहीत. अंजनाबाई मेच्या पहिल्या शनिवारी रोपं लावायला बसल्या तेव्हा त्या कुंपणाशी आल्या आणि पाच बोटं मोजून पाच संतांची नावं घेतली. अकरा मेपासून रोज एक थंडीचा संत येतो म्हणे, आणि शेवटची ती सोफी.

अश्वजितनं हसत हसत भाषांतर केलं. अंजनाबाईंना राग आला. “आपण तेहतीस कोटींना घरात घेतलं नाही, हे पाच कशाला घेऊ? सांग त्यांना, आम्ही असलं मानत नाही.” आणि लावली रोपं. ही चूक बाईंची. त्या स्वतःच सांगतात, कोणी विचारायच्या आधी. म्हातारी संतांच्या नावानं तारखा सांगत होती, पिढ्यान् पिढ्या बघून ठेवलेल्या. अंजनाबाईंनी नावं ऐकली, तारखा ऐकल्या नाहीत. अठ्ठावीस वर्षं नोंदी ठेवणाऱ्या बाईनं हे करायला नको होतं. पण ती चूक त्यांची स्वतःची होती, त्यांच्या नावाखाली शोभणारी. पुढची नव्हती.

आता दहा मे, शनिवार. दिवसभर सरी येत-जात होत्या. पाच मिनिटं पाऊस, दहा मिनिटं ऊन, छत्री उघडावी की मिटावी कळू नये असा. फ्राउ एबर्लेंनी दुपारी ट्रे बाहेर मांडले, पावसाचं पाणी मिळू दे म्हणून, आणि त्या घरी गेल्या. संध्याकाळी गरज वाटली तर परत येऊन आत घेणार होत्या. चारच्या सुमारास अंजनाबाई बाल्कनीत आल्या. पश्चिमेकडचे ढग फाटत चालले होते, वारा उत्तरेचा होता आणि हळूहळू पडत होता. वाळत घातलेला टॉवेल हलायचा थांबला होता. बाईंनी ओठ आवळले.

“हर्षा, उद्याचा अंदाज वाच बरं. आकडा नको सांगू, सगळं वाच.”

हर्षानं प्रादेशिक हवामानाचं पान उघडून मराठी करत वाचलं. संध्याकाळी सरी ओसरतील, उघडीप होईल, वारा मंद. पहाटे किमान तापमान चार. मग ती थांबली. “अहो आई, शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे. सखल जागी जमिनीलगत फ्रॉस्टची शक्यता.”

“अश्वजित!” बाईंनी हाक मारली. “ऐकलंस? रोपं झाकायला चल. चादरी घे, बादल्या घे.”

अश्वजित उद्याच्या तयारीत होता. सोमवारी बुद्धपौर्णिमा, म्हणून रविवारी हायडेलबर्गला आपल्या लोकांचा कार्यक्रम. वंदना, खीरदान, मुलांची भाषणं. तो लॅपटॉपवर फोटोंचा स्लाइडशो लावत होता. “आई, चार डिग्री आहे गं. चारला पाणी गोठत नाही.”

“चार कुठं?”

“ॲपवर. आणि माझा सेन्सर पण बघ ना.” त्यानं फोन पुढं केला. हा सेन्सर त्यानं स्वतः बनवला होता, फार कौतुकाचा. खोपट्याच्या भिंतीवर, वळचणीखाली, स्वतःच्या डोक्याच्या उंचीवर लावलेला. “दोन आठवड्यांचा डेटा आहे. पहाटे चारच्या खाली जाणार नाही.”

“तुझ्या डोक्याशी चार असतील! रोपं काय तुझ्या डोक्यावर उगवलीत? दिवसभर तापलेली भिंत, वर छप्पर, तिथं काय कळणार आहे त्याला? गवतावर ठेव म्हटलं होतं मी पहिल्याच दिवशी.”

“आई, ते तुमचं जुन्या काळचं झालं. आता मॉडेल्स असतात.”

जुन्या काळचं! हे त्या पोरानं म्हणावं, जो हिवाळ्यात आईबरोबर त्याच कुंपणात शिरून बॅटरी धरायचा. अंजनाबाईंनी पलंगावरच्या दोन जुन्या चादरी ओढल्या, बादल्या घेतल्या, आणि फ्रिज उघडून त्यातला छोटा गोल तापमापक काढून पिशवीत टाकला. दारात चपला घालताना एवढंच म्हणाल्या, “निदान त्या म्हातारीला कळव. रोपं आत घ्या म्हणावं, आज गोठणार आहे. तिचा नंबर माझ्याकडे नाही.”

“हो हो, कळवतो.”

बाई एकट्या गेल्या. दुबेळक्या काटक्या शोधून गवतात खोचल्या, त्यांच्यावर फ्रिजचा तापमापक ठेवला. वाफ्यांवर चादरी अंथरल्या, कडांना दगड, मिरच्यांवर बादल्या पालथ्या घातल्या. काकडी आणि दोडक्याला काही उरलं नाही. कमरेत उसण भरली. शेजारी चाळीस रोपांचे ट्रे बाकावर तसेच होते, पण फाटकाला कुलूप. घरी येऊन त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

“कळवलंस?”

“कळवलं गं. बागवाल्यांच्या ग्रुपवरच टाकलं, सगळ्यांनाच.”

बाईंना बरं वाटलं. चला, एवढं तरी ऐकलं, असं वाटून त्यांनी रात्री त्याला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

पहाटे पाचला उजाडलं. बाई बागेत पोचल्या तेव्हा आभाळ काचेसारखं स्वच्छ आणि गवत पांढरं. पायाखाली करकर वाजत होतं. त्या पोटावर आडव्या झाल्या, एक डोळा मिटला. उणे तीन. खोपट्यावरचा सेन्सर आपला इमानेइतबारे अधिक चार दाखवत होता. चादरींखालचे टोमॅटो हिरवे होते, मिरच्या शाबूत होत्या. काकडी आणि दोडका गेले, पानं उकडल्यासारखी लोळत होती. तेवढं बाईंनी सोसलं. मग कुंपणापलीकडं नजर गेली.

ट्रे बाकावर तसेच होते. चाळीसच्या चाळीस रोपं माना टाकून, काळपट, ओल्या चिंधीसारखी. अंजनाबाईंना कळेना. कळवलं होतं ना? मग का घेतली नाहीत आत?

सातला फ्राउ एबर्ले आल्या. बाकापाशी थांबल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एक रोप बोटांनी उचलून बघितलं, सोडून दिलं, आणि कुंपणाशी येऊन अंजनाबाईंकडे बघितलं. तसं कोणी आपल्याकडे बघू नये. मग त्यांनी खिशातून फोन काढला, ग्रुप उघडला आणि पडदा अंजनाबाईंसमोर धरला.

बाईंना जर्मन येत नाही. पण स्वतःचं नाव येतं, आकडा येतो. वरती फ्राउ एबर्लेंचा प्रश्न होता, त्यात ‘फ्राउ पगारे’ दिसत होतं. खाली अश्वजितचं उत्तर. त्यातही ‘फ्राउ पगारे’, पुढं अठ्ठावीसचा आकडा, मग चार, आणि शेवटी ‘काइन फ्रोस्ट’. फ्रॉस्ट हा शब्द त्यांनी स्वतः त्या शेवटच्या रकान्यात अठ्ठावीस वर्षं लिहिला होता, कोणत्याही भाषेत आला तरी त्या तो ओळखणार. आणि ‘काइन’ म्हणजे नाही, हे उर्जा दिवसातून पन्नास वेळा म्हणते.

अंजनाबाई ओल्या गवतात खाली बसल्या. पंचवीस वर्षांपूर्वीची ब्लेडची ती खरखर त्यांना कानाशी ऐकू आली.

साडेआठला गाडी फाटकाशी येऊन थांबली. हायडेलबर्गला निघायचं होतं. हर्षा पांढऱ्या साडीत, मांडीवर खिरीचं पातेलं, मागं उर्जा. अश्वजित उतरला, पांढरा शर्ट, हातात आईची पांढरी साडी असलेली पिशवी. “आई, चल, खोपटात बदलून घे. पावणेनऊच्या आत निघायला हवं, दहा मिनिटं आहेत फक्त.”

“इकडं ये.”

“अगं, उशीर...”

“इकडं ये म्हटलं ना!”

आवाज असा की पलीकडच्या तिसऱ्या तुकड्यातला माणूस वळून बघायला लागला. अश्वजित आला. बाईंनी बाकाकडे बोट दाखवलं. त्यानं रोपं बघितली, फ्राउ एबर्लेंना बघितलं, आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“मी काय सांगायला सांगितलं होतं तुला?”

“आई, त्यांनी ग्रुपवर विचारलं, तुमच्या आईला काय वाटतं. मी फोटो निवडत होतो. ॲपवर चार, सेन्सरवर चार. म्हटलं, उगीच फ्रॉस्ट म्हणून टाकलं आणि काही झालं नाही, तर लोक तुला...” तो अडखळला.

“बोल. पूर्ण कर.”

“हसतील तुला. तुझ्याच भल्यासाठी...”

पुढं जे झालं ते सगळं सांगत नाही. एवढंच सांगते की अंजनाबाईंनी हात उचलला नाही, पण अश्वजित दोन पावलं मागं सरकला.

“माझ्या भल्यासाठी? त्या मेल्यानं निदान माझा आकडा खरवडला होता. तू तर माझ्या नावावर आकडा बनवलास! अठ्ठावीस वर्षं म्हणून लिहिलंस ना वर? माझी वर्षं तुला जुन्या काळची वाटतात, घरात हसायला येतं, आणि लोकांना थापा मारायला तीच वर्षं चालतात? ती बाई खुबा मोडलेला असून परत येणार होती. का नाही आली? फ्राउ पगारेंनी सांगितलं म्हणून नाही आली. तिनं ॲपवर विश्वास नाही ठेवला, माझ्यावर ठेवला!”

“सेन्सरचं कॅलिब्रेशन बघायला हवं,” अश्वजित पुटपुटला.

“यंत्राला नावं ठेवू नको. यंत्रानं जिथं टांगलं तिथलं खरंच सांगितलंय. खाली बस. वाच.”

पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. त्यानं ओल्या गवतावर गुडघे टेकले. ऊन अजून खोपट्याच्या सावलीत पोचलं नव्हतं, पण काटा शून्याच्या वर सरकला होता. बाईंनी पहाटेच पाकिटाच्या पाठीवर वेळ आणि आकडा लिहून ठेवला होता, तो कागद तापमापकाशेजारी दगडाखाली होता. अश्वजितनं तो वाचला. पाच वाजून दहा मिनिटं, उणे तीन. उणेची रेघ चांगली ठळक, दोनदा गिरवलेली.

“आता ग्रुपवर लिही. काय झालं ते लिही. तोवर मी गाडीत बसणार नाही.”

“आई, संध्याकाळी आल्यावर शांतपणे...”

“दुपारी तिथं हात जोडून पंचशील घेणार आहेस ना? चौथं शील काय आहे? शंभर माणसांत मोठ्यानं म्हणणार, खोटं बोलणार नाही. आणि इथं ही बाई माझ्या नावानं रोपं उपटून फेकतेय. आधी इथलं निस्तर. नाहीतर तुम्ही जा, खीर घेऊन जा, मी इथंच बसते.”

अश्वजितनं फोन काढला, काहीतरी टाइप केलं. बाईंनी हाक मारली, “हर्षा, खाली ये. हा काय लिहितो ते मला वाचून दाखव. त्याच्यावर माझा भरवसा नाही.”

हर्षा पातेलं सीटवर ठेवून आली. तिनं वाचलं, नवऱ्याकडे बघितलं, मग सासूकडे. “अहो आई, यात लिहिलंय, काल तापमानाच्या नोंदीत चूक झाली, आम्हाला खेद आहे.”

“झाली?” अंजनाबाई ताडकन उभ्या राहिल्या. “आपोआप झाली? आभाळातून पडली? अशीच भाषा होती त्या नोटिशीत, नोंदीत चूक झाल्याचे निदर्शनास आले आहे! कोणी केली, ते कुठं आहे?”

“ते नाही लिहिलेलं,” हर्षा म्हणाली. खरं ते म्हणाली, नवऱ्याचा चेहरा बघूनही म्हणाली.

मागून उर्जा आली होती. बाक, रोपं, आजी, सगळं बघून तिनं बापाचा हात ओढला आणि हळूच विचारलं, “पापा, हास्ट डू गेलोगन?” अंजनाबाईंना शब्द कळले नाहीत, पण हर्षानं मान खाली घातली त्यावरून विचारलं काय ते कळलं. तू खोटं बोललास?

अश्वजितनं लिहिलेलं सगळं पुसलं. पुन्हा लिहायला त्याला बराच वेळ लागला. मग फोन हर्षाकडे न देता त्यानं स्वतःच मराठीत वाचलं, आईकडे न बघता. “काल रात्रीचा चारचा आकडा माझा होता, माझ्या आईचा नाही. गवत गोठेल, रोपं आत घ्या, असं तिनं मला संध्याकाळी स्पष्ट सांगितलं होतं. मी ते कळवलं नाही आणि तिच्या नावानं उलटं लिहिलं. पहाटे गवतावर उणे तीन होतं. ज्यांची रोपं गेली ती माझ्यामुळं गेली. अश्वजित पगारे.”

“हर्षा?”

“तसंच लिहिलंय, आई. शब्द न् शब्द.”

“पाठव.”

त्यानं पाठवलं. फ्राउ एबर्लेंचा फोन खिशात वाजला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, परत एकदा वाचलं. अश्वजितकडे त्यांनी बघितलंही नाही. काठी टेकत कुंपणाशी आल्या आणि अंजनाबाईंचा हात, मातीचा, गवताचा, थंडगार, आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंजनाबाई तेवढ्यानंच रडल्या. पंचवीस वर्षांत त्या शेऱ्यावर त्या रडल्या नव्हत्या.

मग पदर खोचून खुरपं घेतलं. चादरीखालच्या टोमॅटोंतली निम्मी रोपं मातीच्या गोळ्यासकट उचलली आणि अश्वजितला ती एकेक पलीकडं नेऊन द्यायला लावली. त्याच्या पँटचे गुडघे हिरवे झाले, बाह्यांना चिखल लागला. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. कोणी उशीर झाला म्हणालं नाही. फ्राउ एबर्लेंनी रोपं थेट आपल्या खोपट्यात ठेवून घेतली आणि अंजनाबाईंकडे बघून एक बोट मिटलं, चार वर केली. अजून चार संत बाकी आहेत, असं. अंजनाबाईंनी मान डोलावली. या वेळी तारखा ऐकल्या.

बाई साडी बदलून गाडीपाशी आल्या तेव्हा अश्वजित फोन बघत उभा होता. “आई, ग्रुपवर दोघं-तिघं विचारतायत. आज रात्री काय होईल म्हणून.”

अंजनाबाईंनी वर बघितलं. एकही ढग नव्हता. वाकून गवताला हात लावला, मग ओलं बोट हवेत धरलं. वारा उत्तरेचाच होता.

“झाका म्हणावं आजही. पेटीत चार-पाच राहील, गवतावर उणे दोनपर्यंत जाईल. कुंड्या आत घ्या. ज्यांनी अजून लावलं नाही त्यांनी पंधरापर्यंत थांबा.”

त्यानं जसंच्या तसं लिहिलं आणि हर्षाला दाखवलं. तिनं मान हलवली. पाठवायच्या आधी तो थांबला. आईकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता.

“खाली नाव कोणाचं टाकू?”

“आता टाक माझं,” अंजनाबाई म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.